पोडाचं नाव काय लिहायचं?

झरी जामणी हे एका गावाचं नाव नव्हे. झरी वेगळं, जामणी वेगळं. तालुका करताना दोघांना एका दाव्याला बांधलं. यवतमाळ जिल्ह्याचा हा आग्नेय कोपरा. दक्षिणेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. फोनवर शोधायला गेलात तर हे नाव इंग्रजी अक्षरांत कधी झेडने सुरू होतं, कधी जेने. कधी दोन शब्द, कधी मध्ये आडवी रेघ.

नाव कळायला मात्र सोपं. झरी म्हणजे लहानसा झरा. जामणी म्हटलं की जांभूळ आठवतं. तालुक्यातली आणखी नावं घ्या: हिवरा बारसा, मुकुटबन, पाटण, अडेगाव. हिवर हे झाड, बन म्हणजे वन, गाव म्हणजे गाव. मराठी माणसाला यातलं बहुतेक समजतं, निदान समजल्यासारखं वाटतं.

कोडं इथेच आहे. या मुलखात पिढ्यानपिढ्या राहत आलेले लोक कोलाम आणि गोंड आहेत. त्यांच्यासाठी मराठी ही शाळेची, बाजाराची आणि तहसीलची भाषा. घरात बोलायच्या भाषा कोलामी आणि गोंडी, आणि त्या मराठीच्या बोली नाहीत. त्या तमिळ-तेलुगूच्या म्हणजे द्राविडी कुळातल्या. मग गावांच्या पाट्यांवर त्या भाषा का दिसत नाहीत?

या प्रश्नाला दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतं, गावं मराठी लोकांनी वसवली, आदिवासी जंगलात होते. दुसरं म्हणतं, सगळी नावं मुळात गोंडीच आहेत, नंतर ती बिघडवली गेली. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. पहिल्यात जुना तोरा आहे, दुसऱ्यात नवा राग. राग समजण्यासारखा आहे, पण रागाने व्युत्पत्ती लागत नाही.

आधी या भाषांचा कान थोडा तयार करू. गोंडीत पाण्याला एर म्हणतात, कोलामीत ईर. तेलुगूतलं नीरू आठवा, नातं लगेच कळेल. गोंडीत गाव म्हणजे नार, कोलामीत ऊर. हा ऊर तंजावूर आणि मंगळूरमधलाच. गोंडीत झाडाला मडा म्हणतात, कोलामीत माक. कोलामीत घर म्हणजे एल्ला. यवतमाळच्या बाजारात आपल्या शेजारी उभा असलेला माणूस घराला जो शब्द वापरतो, त्याचं गोत आंध्रात सापडतं.

हे काही नवं संशोधन नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला, त्यात कोलामीचे नमुने आहेत. १९५० साली हैदराबादेत कोलामीचं व्याकरण छापलं गेलं. त्याचे लेखक सेतुमाधवराव पगडी. होय, शिवचरित्रकार पगडी तेच. निजामी राजवटीतल्या नोकरीने त्यांना आदिलाबादेत नेलं आणि ते गोंडी-कोलामी शिकले. त्यांच्या फारसी साधनांचं आणि शिवचरित्राचं कौतुक मराठी घरांत होतं, हे व्याकरण मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. पाच वर्षांनी, १९५५ साली, मरे एमेनो या अभ्यासकाचं कोलामीवरचं पुस्तक कॅलिफोर्नियातून आलं; त्यातली भाषा वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांची. पुढे एमेनो आणि बरो यांनी केलेल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात माक आणि ईर हे शब्द गेले. कोश ऑक्सफर्डने छापला. म्हणजे कोलामीतलं झाड ऑक्सफर्डला पोचलं, ग्रामपंचायतीच्या पाटीवर नाही पोचलं.

गोंडी नावं जिथे टिकली तिथे ती कशी असतात, हे पाहिलं तर झरी जामणीचं कोडं थोडं सुटतं. गडचिरोलीत भामरागड तालुक्यात मरकनार नावाचं गाव आहे. मरका म्हणजे आंबा, नार म्हणजे गाव. आणखी पुढे छत्तीसगडमधल्या अबुझमाडात कोहकामेटा आहे. कोहका म्हणजे बिब्बा, मेटा म्हणजे डोंगर. आता मरकनारचं मराठी करा. आंबेगाव. महाराष्ट्रात आंबेगावं किती आहेत ते मोजत बसू नका.

सांगायचं एवढंच की झाडावरून, पाण्यावरून, डोंगरावरून गाव ओळखण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. त्यामुळे ‘हिवरा’ हे नाव मराठी आहे म्हणून ते ठेवणारे मराठीच होते, असं ठरत नाही. एखाद्या ठिकाणी तिथल्या लोकांनी झाडाचं नाव आपल्या भाषेत घेतलेलं असेल आणि लिहिणाऱ्याने ते आपल्या भाषेत उतरवून घेतलं असेल. दप्तरातलं नाव गाव कुणी वसवलं हे सांगत नाही. लेखणी कुणाच्या हातात होती, हे सांगतं.

याचा एक चांगला पुरावा नदीपलीकडे आहे. आदिलाबादच्या डोंगरांत कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याने निजामाच्या जंगल खात्याविरुद्ध बारा गावांच्या जमिनीसाठी लढा दिला आणि १९४० साली जोडेघाट इथे तो मारला गेला. त्या बारा गावांतल्या दोघांची नावं पाहा: जोडेघाट आणि बाबेझरी. घाट आणि झरी. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू, शेजारची तेलुगू, राहणारे गोंड, आणि गावांची नावं अशी की झरी जामणीत सहज खपून जावीत. त्या डोंगरांतल्या गोंडांना मराठी येत होती, कारण दळणवळणाची भाषा बराच काळ ती होती. म्हणून बाबेझरीवरून कुणी म्हणू लागला की ते मराठ्यांनी वसवलेलं गाव, तर जोडेघाटचे लोक हसतील. तोच न्याय अलीकडच्या झरीला का लावू नये?

लेखणीची गोष्ट निघाली आहे तर तिची करामतही पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि पैनगंगा ही कारभाराची सीमा झाली. अलीकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. गावाची शीव आखली, शेतांना सर्व्हे नंबर पडले, प्रत्येक मौजाचं नाव कागदावर चढलं. हे काम करणारे कारकून मराठी लिहिणारे, त्यांचे साहेब इंग्रजी लिहिणारे. या साहेबांनी आपल्या वणीचं इंग्रजीत ‘वुन’ केलं, आणि १८६४ साली झालेला अख्खा जिल्हाच पुढे त्या नावाने ओळखला गेला. १९०५ साली जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा यवतमाळचं ‘येवतमाळ’ नि ‘योतमाळ’ यांच्यामधलं काहीतरी झालं. वणीसारख्या बाजारपेठेच्या नावाची ही गत, तर डोंगरातल्या वस्तीच्या नावाला त्यांनी कितपत कान दिला असेल?

बरं, सगळ्या वस्त्यांची नावं लिहिलीच नाहीत. मोजणीला हवं होतं मौजे, म्हणजे सारा भरणारं गाव. कोलामांची वस्ती मौजात मोडत नव्हती. ती मुख्य गावापासून दूर, बहुतेकदा जंगलाच्या कडेला किंवा जंगलातच. तिला म्हणतात पोड.

या सगळ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच. यवतमाळ जिल्ह्यात ‘कोलामपोड’ हा शब्द रोजच्या बातम्यांत येतो: अमुक पोडावर पाणी नाही, तमुक पोडाला रस्ता नाही. पैनगंगा ओलांडली की तशाच वस्तीला ‘कोलामगुडा’ म्हणतात. लोक तेच, देव तेच, सोयरीक इकडून तिकडे. पण वस्तीला अलीकडे पोड, पलीकडे गुडा. नदीवर आखलेली सीमा माणसांच्या नात्यातून गेली नसेल, वस्तीच्या नावातून गेली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद आंध्रात गेलं आणि त्यातले किनवट नि राजुरा तालुके मराठी मुलखात आले, तेव्हा ही सीमा आणखी घट्ट झाली. अलीकडच्या कोलामीत मराठी शब्द भरले, पलीकडच्या कोलामीत तेलुगू.

मराठीत वस्तीला शब्द कमी नाहीत. पाडा आहे, वाडी आहे, तांडा आहे, टोला आहे. पोड त्या रांगेत बसतो, पण कोकणातल्या कुणाला हा शब्द सांगून पाहा, कळणार नाही. कारण तो कोलामांसोबतच राहिला. तालुक्यातल्या मौजांची यादी वाचताना आदिवासी भाषा सापडत नाही, कारण ती यादीत नव्हतीच. यादीच्या खालच्या पायरीवर होती.

पण वरच्या यादीतही कुठे कुठे ती डोकावते. झरी जामणीतलंच कोडपाखिंडी घ्या. खिंडी मराठी. कोडपा ऐकल्यावर या भागातल्या कुणालाही कोडापे हे गोंड आडनाव आठवेल. अशी मिश्र नावं मला शुद्ध नावांपेक्षा जास्त बोलकी वाटतात, कारण दोन भाषा एकमेकींच्या अंगणात वावरत होत्या याची ती खूण असते. सतपल्ली हे दुसरं. त्यातलं पल्ली थेट दक्षिणेचं. पण इथे थांबून पाहावं लागतं: पल्ली तेलुगूत चालतं, गोंडी-कोलामीचं ते खास लक्षण नाही. द्राविडी म्हणजे आपोआप आदिवासी, असं समीकरण मांडलं की सीमेवरचा तेलुगू शेतकरी, व्यापारी, जमीनदार सगळे पुसले जातात.

पल्लीचा प्रवास तर फारच लांबचा. फ्रँकलिन साउथवर्थ या भाषाशास्त्रज्ञाने महाराष्ट्रातल्या गावांच्या नावांचा अभ्यास करून असं मांडलं की नावाच्या शेवटी येणारे वली, ओली हे प्रत्यय याच पल्लीचे वंशज आहेत. २००५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात हा मुद्दा सविस्तर आहे. पटत असेल तर पुढच्या वेळी लोकलमधली घोषणा नीट ऐका: बोरिवली, कांदिवली, डोंबिवली. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ लिहून मराठीच्या दक्षिणी मुळांचा वेगळ्या वाटेने पाठपुरावा केला. त्याआधी राजवाड्यांनी गावांच्या नावांचे ढीग गोळा करून व्युत्पत्ती लावल्या होत्या. त्यांचा कल बहुतेक वेळा संस्कृतकडे. राजवाड्यांचा उरक थक्क करणारा होता, पण ज्याच्याकडे एकच किल्ली असते त्याला प्रत्येक कुलूप तिचंच वाटतं.

ही खोड आता दुसऱ्या बाजूलाही लागली आहे. गोंडीत पेन म्हणजे देव. लगेच कुणीतरी म्हणतं, पेनगंगा म्हणजे देवगंगा, प्रश्न मिटला! ऐकायला छान आहे. पण नुसता ध्वनी पुरे असेल तर रायगडातलं पेण गोंडी ठरवायला किती वेळ लागेल? तसंच पोडचं. तेलंगणात पोडू म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, आणि कोलाम तशी शेती करत होते हे खरं आहे. दोन शब्द शेजारी ठेवले की हात आपोआप जोडणीचं चिन्ह काढायला जातो. तिथेच थांबायला हवं. सारखेपणा हा शोधाचा आरंभ असतो.

मग नाव तपासायचं कसं? एक म्हणजे शेवटच्या अक्षरांवर भाळायचं नाही. नावाच्या शेवटी ऊर आहे म्हणून ते द्राविडी, असं म्हणाल तर प्राकृतात ‘पुर’ झिजून ‘उर’ होतो हे आडवं येतं. एकाच शेपटीचे दोन प्राणी. दुसरं, एकटं नाव काही सांगत नाही, ओळीने नावं सापडली पाहिजेत. मरकनारवर विश्वास बसतो, कारण भामरागडकडे नार लागलेली गावं एक नाही, अनेक आहेत. तिसरं, नाव जागेशी जुळलं पाहिजे: ‘डोंगर’ म्हणणाऱ्या नावाच्या ठिकाणी डोंगर असावा. आणि चौथं, जे सगळ्यात कमी केलं जातं ते म्हणजे तिथल्या माणसाच्या तोंडून ते नाव ऐकणं. पाटीवरचा उच्चार नव्हे, बैल हाकताना केलेला.

कधी कधी शब्द एका घरचा आणि देव दुसऱ्या घरचा, असंही होतं. या भागात भीमाच्या नावाची कुंडं, नाले, टेकड्या भेटतात. मराठी माणूस म्हणतो, पांडव इथे आले होते. महाराष्ट्रात पांडव कुठे आले नाहीत? पण कोलामांचा मोठा देव भिमायक आहे, गोंडांचा भिमाल किंवा भिवसन. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीजवळ पेंचच्या काठी कुवारा भिवसन आहे, तिथे गोंडांची जत्रा भरते. तेव्हा भीमाच्या नावाचा एखादा नाला दिसला तर शब्दकोश संस्कृतकडे बोट दाखवील आणि पोडावरचा म्हातारा भिमायकाकडे. नाव कशाचं, असा प्रश्न असेल तर मी म्हाताऱ्याचं ऐकीन. फ्यूरर-हायमेनडॉर्फने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून लिहिलं, त्यात एक नोंद आहे: गोंड लोक कोलामांना पुजारी म्हणतात, कारण काही स्थानिक देवांची पूजा कोलामच करू शकतात. जो देवाला हाक मारू शकतो त्याची त्या जागेशी ओळख जुनी, असा हिशेब त्यामागे आहे. दगडी शिलालेख नसलेल्या मुलखात हाही एक प्रकारचा अभिलेखच.

आडनावं हा आणखी एक साठा. गाव बदललं, नाव बदललं, तरी आडनाव माणसाबरोबर चालत गेलं. मरकाम म्हणजे मरका, आंबा. टेकाम म्हणजे टेका, साग. सागाला तेलुगूत टेकू, मल्याळममध्ये तेक्कू. तोच शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी, आणि फर्निचरच्या दुकानात तो ‘टीक’ होऊन आपल्याला परत मिळाला. पांढरकवड्याच्या जंगलातला टेकाम आणि दुकानातलं टीकवुड हे लांबचे भाऊ. मराठी ‘साग’ मात्र वेगळ्या घरचा, संस्कृत ‘शाक’ कडून आलेला.

ही सगळी शब्दांची गंमत वाटेल. पण नावाला कायद्यात वजन आलं आहे, आणि ते बहुतेकांच्या लक्षात आलेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला सामूहिक वनावर दावा करता येतो. दावा करताना पारंपरिक सीमा ओळखीच्या खुणांसकट दाखवायच्या असतात, आणि पुरावा म्हणून वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलेलं चालतं. आता वनखात्याच्या नकाशात ओढ्याला, डोंगराच्या सोंडेला, देवाच्या झाडाला नाव नसतं, असतो कक्ष क्रमांक. कक्ष क्रमांकाच्या भाषेत पोडावरचा माणूस मुका. त्याच्या भाषेत मात्र त्या जंगलातल्या प्रत्येक वळणाला नाव आहे. ज्या क्षणी म्हातारी माणसं ती नावं क्रमाने सांगतात त्या क्षणी सीमा आखली जाते. नावं विसरली गेली की हद्दही विसरली जाते, हे इथे अलंकाराने म्हणत नाही. कागदावर तसंच घडतं.

कोलामांच्या बाबतीत तर अधिकच. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट तीन आहेत: कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड. अशा गटांसाठी वनहक्क कायद्यात अख्ख्या अधिवासाच्या हक्काची वेगळी तरतूद आहे. अधिवास म्हणजे राहतं घर नव्हे. जिथे देव आहेत, जिथून मध आणि मोह येतो, जिथे पूर्वज पुरले तो सगळा प्रदेश. तो दाखवायचा तर नावांखेरीज दुसरं साधन कोणतं?

भाषेचा आकडाही पाहून ठेवा. २०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे देशभरात सुमारे १ लाख २८ हजार. गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक, आणि गोंडीला आता लिपीचीही साथ आहे. नदीपलीकडच्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांवरून ओळखली जाणारी गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये आली, म्हणजे फोनवर उमटू शकते. कोलामीचं असं काही नाही. ती देवनागरीत लिहायची तर ऱ्हस्व-दीर्घ जपून लिहावी लागते, कारण कारकुनाच्या हाताखालून ईरचं इर आणि इरचं हिरा व्हायला वेळ लागत नाही.

दोन नावं शेजारी ठेवणं जगाला अवघड गेलेलं नाही. ऑस्ट्रेलियाने मध्यभागातल्या त्या तांबड्या महाकाय खडकाला १९९३ साली ‘एअर्स रॉक / उलुरू’ असं जोडनाव दिलं आणि २००२ साली क्रम उलटवून उलुरू आधी आणलं. आपल्याला तर पाटीवर दोन-तीन लिप्या पाहायची सवयच आहे. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुकुटबन स्थानक लागतं, तिथली पाटीही एका लिपीत भागत नाही. तीन लिप्यांत एकच नाव लिहिण्यापेक्षा एका लिपीत दोन नावं लिहिणं खर्चिक नाही.

आणि हे लवकर ठरवायला हवं. झरी जामणीतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. या कायद्याची गावाची व्याख्या महसुली नाही: आपल्या परंपरेप्रमाणे कारभार चालवणारी वस्ती किंवा पाडासुद्धा गाव होऊ शकतो. महाराष्ट्राने २०१४ साली नियम केले, त्यांनुसार वस्तीतले लोक ठराव करून स्वतंत्र गावाचा प्रस्ताव पाठवू शकतात. वनहक्क कायद्यातही जंगलातल्या जुन्या, न मोजलेल्या वस्त्यांना महसुली गाव करण्याची सोय आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीत जो पोड यादीच्या बाहेर राहिला, तो आता यादीत येऊ शकतो. या वेळी नाव सांगणारे पोडावरचे असतील. लिहिणारा बहुधा ग्रामसेवकच असेल, आणि त्याला घाई असेल. तो विचारील, पोडाचं नाव काय लिहायचं? मुख्य गावाचं नाव लिहून पुढे ‘पोड’ जोडणं त्याच्या सोयीचं. एखाद्या थोर पुरुषाचं नाव लावून ‘नगर’ करणंही सोयीचं, त्याला कुणी विरोध करत नाही. तिसरं नाव तिथे बसलेल्या एखाद्या आजीला ठाऊक असतं, पण तिला कुणी विचारलं तरच.